रंगोपंत उदमांजराचं पोर्ट-ग्रंथालय

एका जंगलात, मुलांनो, एक उदमांजर राहत होतं आणि त्याने जन्मात कधी दारूला तोंड लावलं नव्हतं.

हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण उदमांजरांची ख्याती वेगळी आहे. माडावर चढायचं, ताडीच्या मडक्यात डोकं घालायचं आणि सकाळी फांदीवर उलटं लोंबकळत राहायचं, हा त्यांचा पिढीजात उद्योग. रंगोपंतांचे वडील असेच गेले. मडक्यातच गेले. तेव्हा लहानग्या रंगोपंतांनी शपथ घेतली, की थेंबालाही शिवणार नाही. पुढे ते जंगलच्या शाळेत भूगोल शिकवू लागले आणि आदर्श उदमांजर म्हणून त्यांचा दोनदा सत्कारही झाला.

अशा सज्जनाला पोर्टचा नाद लागला. पिण्याचा नव्हे, मुलांनो. वाचण्याचा.

त्याचं असं झालं. टेकडीवर एका साहेबाचा बंगला होता. साहेब फार पूर्वी निघून गेला होता. त्याच्या ओस बंगल्यातून गेनूशेठ साळिंदर रद्दी गोळा करून विकायचा. कागद पाठीच्या काट्यांवर टोचून तो दारोदार फिरे. एका दुपारी तो रंगोपंतांच्या ढोलीपाशी आला, तेव्हा त्याच्या पाठीवर लाल चामड्याचं एक पुस्तक लटकत होतं. पुस्तकात एका नदीचं चित्र होतं. नदीत होड्या, होड्यांत पिंपं.

"ही नदी माझ्या नकाशात नाही," रंगोपंत म्हणाले. भूगोलाच्या मास्तराला याहून मोठा अपमान नसतो. त्यांनी पुस्तक ठेवून घेतलं.

साहेबाची भाषा त्यांना येत होती. ते वाचत गेले. त्या दूरदेशीच्या नदीकाठी दगडी उतारावर द्राक्षं होतात. ती पायांनी तुडवून पोर्ट नावाची गोड, दाट दारू करतात. एरवीची पोर्ट कुणीही पितं. पण काही वर्षांतून एकदाच ऊन-पाऊस असे जमून येतात, की बनवणारे जाहीर करतात, यंदाचं पीक असामान्य आहे. मग त्या एका सालाची पोर्ट वेगळी बाटल्यांत भरतात आणि अंधाऱ्या खोलीत आडवी निजवतात. वीस वर्षं. तीस वर्षं. चाळीसही. घाई करील तो मूर्ख.

रंगोपंतांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अगं, ऐकलंस का?" त्यांनी बायकोला हाक मारली. "जगात एक दारू अशी आहे, की ती न पिण्यातच तिचा मोठेपणा आहे!"

द्वारकाबाई उंबरं निवडत होत्या. "मग आपण जन्मापासून थोरच आहोत," त्या म्हणाल्या.

तिथून सुरुवात झाली. त्या पुस्तकात दुसऱ्या एका पुस्तकाचा उल्लेख होता, त्यात तिसऱ्याचा. एकदा हा रस्ता धरला, मुलांनो, की परतीची वाट राहत नाही. रंगोपंत सुट्टीत ओस बंगले पालथे घालू लागले. एका ग्रंथाचा दुसरा भाग डोहातली मगर उशाला घेऊन झोपते, असं कळलं, तेव्हा ते तीन दिवस काठावर बसून राहिले. मगर जागी झाली आणि तिने जांभई दिली. जांभईत पुष्कळ दात होते. तरी रंगोपंतांनी नम्रपणे विचारलं, "बाई, उशी बदलता का?" शेवटी दारातल्या उंबराची सबंध बहाराची फळं देऊन त्यांनी तो दुसरा भाग मिळवला.

"म्हणजे या वर्षी आपण काय खायचं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"अगं, दोन्ही भाग एका बांधणीतले जमले!" रंगोपंत म्हणाले. त्या वर्षी दोघांनी पाला खाल्ला.

ढोली पुस्तकांनी भरली. कसर लागू नये म्हणून पानापानांत वेखंडाची पूड पसरली. द्वारकाबाई शिंकत आणि झाडत, झाडत आणि शिंकत.

मग एक दिवस गेनूशेठ एक ग्रंथ आपल्या काट्यांवर न टोचता, केळीच्या पानात गुंडाळून घेऊन आला.

"पंत, याची पानं अजून कापलेली नाहीत," तो हळूच म्हणाला. "छापखान्यातून जशी घडी आली, तशीच आहे. शंभर वर्षांत कुणी वाचलेलं नाही. असा नग पुन्हा नाही."

रंगोपंतांनी पंजे पुसून तो हातात घेतला. त्या ग्रंथात पोर्टच्या सगळ्या थोर सालांची आणि बाटल्यांवरच्या खुणांची यादी होती, हे त्यांना इतर पुस्तकांवरून ठाऊक होतं. फक्त ती यादी बंद घड्यांच्या आत होती. ते शेपूट वर करून, एक डोळा मिटून घडीच्या फटीतून आत बघत. कधी दोन आकडे दिसत, कधी अर्धा शब्द.

"द्या इकडे," द्वारकाबाई म्हणाल्या. "विळीवर चटकन कापून देते."

"विळीवर? अगं, हा ग्रंथ आहे, दुध्या नव्हे! एक पान कापलं, की याची किंमत संपली."

"पण मग वाचणार कसं?"

"हे वाचायचं पुस्तक नाही. हे संग्रहातलं पुस्तक आहे."

द्वारकाबाईंनी विळी आडवी करून ठेवली आणि विषय संपवला.

रंगोपंतांची कीर्ती जंगलभर पसरली. पोर्ट-अभ्यासक मंडळ स्थापन झालं. रंगोपंत अध्यक्ष झाले. बगळेशास्त्री चिटणीस झाले, कारण त्यांना कशावरही एका पायावर दोन तास बोलता येत असे. एक घोरपड, दोन टिटव्या आणि एक ससा असे सभासद जमले. कुणीही पोर्ट चाखली नव्हती. पाहिलीही नव्हती. त्यामुळे चर्चा फार उंचीवर चाले. साहेबाच्या रिवाजाप्रमाणे पोर्टची सुरई पंक्तीत डावीकडेच फिरवायची असते, हे वाचून मंडळाने रिकामा तांब्या डावीकडे फिरवायचा सराव केला. डावी बाजू अशुभ, म्हणून बगळेशास्त्र्यांनी हरकत घेतली. त्या वादात एक अख्खा उन्हाळा गेला.

या सगळ्यात एकच जण मंडळाचा सभासद नव्हता. रंगोपंतांचा बालमित्र भिकाजी अस्वल. भिकाजी मोहाची फुलं खाऊन खुशाल असे. त्याला वाचता येत नव्हतं. पण रंगोपंत पोर्टविषयी बोलू लागले, की तो हनुवटी पंजावर टेकून ऐके. आपला मित्र असा रंगात आलेला बघायला त्याला आवडे.

एकदा साहेबाच्या बंगल्यामागे वारूळ उकरताना भिकाजीचा पंजा खोल गेला. खाली तळघर होतं. तळघरात वाळवीने खाल्लेल्या फळ्या होत्या आणि त्यांच्यामध्ये एक काळी बाटली आडवी पडली होती. तिच्या एका अंगावर चुन्याचा पांढरा फराटा होता.

भिकाजी ती बाळासारखी छातीशी धरून घेऊन आला.

"रंगोबा, ही तुझी ती का रे?"

पांढरा फराटा! बाटली निजवताना वरची बाजू कुठली, ते कळावं म्हणून तो ओढतात, हे चार पुस्तकांत होतं. बाटलीवरची चिठ्ठी वाळवीने खाल्ली होती. साल कळायला मार्ग नव्हता.

मंडळाची तातडीची सभा भरली. बुचावर साल कोरलेलं असतं, असं घोरपड म्हणाली. पण बूच बघायला बाटली उघडावी लागणार. लाखेच्या मोहरेवरची खूण न कापलेल्या ग्रंथात सापडेल, असं एक टिटवी म्हणाली. पण खूण शोधायला पानं कापावी लागणार. बाटली उघडली तर बाटली गेली. ग्रंथ उघडला तर ग्रंथ गेला. सभेने एकमताने ठरवलं, की दोन्ही शेजारी शेजारी ठेवावीत आणि रोज दर्शन घ्यावं.

भिकाजी दाराशी बसला होता. "म्हणजे पिणार नाही?"

"भिकोबा," रंगोपंत समजावणीच्या सुरात म्हणाले, "हिला अजून किती वर्षं निजायचं आहे, तेच ठाऊक नाही."

"बरं," भिकाजी म्हणाला.

त्याच वर्षी थंडीत भिकाजी आजारी पडला. वय झालं होतं. अन्न जाईना. गुहेच्या तोंडाशी उन्हात तो पडून राही. रंगोपंत रोज शाळेनंतर त्याच्याकडे जात. चौथ्या दिवशी भिकाजी म्हणाला,

"रंगोबा, एक मागू? त्या बाटलीतलं घोटभर दे. मोहाची चव आता लागत नाही. इतकी वर्षं तू सांगत आलास, मी ऐकत आलो. एकदा कळू दे तरी काय होतं ते."

रंगोपंतांना वाईट वाटलं. खरंच वाटलं, मुलांनो. ते घरी आले आणि त्यांनी सात पुस्तकं उघडली. सातही पुस्तकांत एकच लिहिलं होतं. घाई करू नये.

दुसऱ्या दिवशी ते मित्राचा पंजा हातात घेऊन म्हणाले, "थोडं थांबायला हवं रे. दहा वर्षं तरी. अवेळी उघडली तर तिचं सगळं मुरणं फुकट जाईल."

भिकाजी हसला. हसताना त्याला खोकला आला. "थांबतो की," तो म्हणाला. "मला कुठं जायचंय?"

द्वारकाबाई खडकाआड पेज घेऊन उभ्या होत्या. त्यांनी हे ऐकलं.

दुसऱ्या दिवशी रंगोपंत शाळेत गेल्यावर त्या बाटली पदराखाली घेऊन गुहेत गेल्या. मोहोर फोडली. बूच भुसा होऊन आलं. एक वाटी ओतून त्यांनी भिकाजीच्या तोंडाला लावली.

"वहिनी, रंगोबा रागावेल."

"त्यांना कळलं तर ना. प्या तुम्ही."

तो प्यायला. तीन दिवस, दुपारच्या उन्हात, वाटी वाटी. संध्याकाळी दर्शनाच्या वेळी बाटली जागेवर असे, तोंड भिंतीकडे करून. द्वारकाबाईंनीही शेवटच्या दिवशी बोटभर चाखून पाहिली. मग रिकाम्या बाटलीत त्यांनी कोकमाचं आगळ भरलं, थोडा गूळ घातला, आणि हाताच्या सवयीने जिऱ्याची पूडही घातली. पांगाऱ्याच्या लाकडाचं बूच दातांनी कुरतडून बेताचं केलं आणि ठोकून बसवलं. पळसावरची लाख वितळवून वर मोहोर केली. बाटली पूर्वीसारखी आडवी निजवली, पांढरा फराटा वर करून. ही बाटली काही आपल्या हयातीत उघडत नाही, याची त्यांना खात्री होती.

त्यानंतर दोन दिवसांनी भिकाजी गेला.

रंगोपंत दोन दिवस जेवले नाहीत. मंडळाने शोकसभा घेतली. बगळेशास्त्री एका पायावर उभे राहिले आणि गदगदून म्हणाले, "ज्या महात्म्याने आपल्याला ही बाटली दिली, त्याच्या स्मरणार्थ ती आज उघडली जावी, असा मी ठराव मांडतो."

टाळ्या पडल्या. रंगोपंतांनीही डोळे पुसत पाठिंबा दिला. जिवंतपणी मित्राने मागितलेला घोट आता त्याच्या नावाने सगळे घेणार होते. यात काही विचित्र आहे, असं कुणालाच वाटलं नाही. द्वारकाबाई मात्र मागच्या रांगेत एकदम ताठ बसल्या.

लाखेची मोहोर पाहून घोरपड म्हणाली, "अस्सल! पूर्वी लाख पूर्वेकडूनच नेत असत. ग्रंथाच्या पहिल्या भागात आहे."

बूच निघालं. साल नव्हतं. पण लाकडावर काही खाचा होत्या. बगळेशास्त्र्यांनी त्या निरखल्या. "हे कुठल्या तरी राजघराण्याचं चिन्ह दिसतंय. मुकुट आहे. एक टोक तुटलेलं."

रंगोपंतांनी बूच हातात घेतलं. त्या खाचा ते तीस वर्षं पाहत आले होते. अर्ध्या खाल्लेल्या पेरूंवर, उंबरांवर, आंब्याच्या कोयींवर. द्वारकाबाईंचा पुढचा एक दात तुटलेला होता.

त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. द्वारकाबाईंनी नजर हटवली नाही.

शिंपल्यांतून पोर्ट वाटली गेली. डावीकडे. रंगोपंतांनी आयुष्यभराची शपथ अभ्यासासाठी मोडायची ठरवली होती. त्यांनी शिंपला तोंडाला लावला. शपथ मोडली नाही.

"अहाहा!" घोरपड म्हणाली. "जुनं चामडं!"

"मला देवदाराची पेटी लागली," टिटवी म्हणाली.

"तळाशी गाळ आहे," ससा म्हणाला. तो कोकमाच्या सालींचा होता. "म्हणजे चाळीस वर्षं नक्की."

बगळेशास्त्र्यांनी मान लांब करून घोट खाली उतरवला. "आणि शेवटी," ते डोळे मिटून म्हणाले, "एक ऊबदार, मातकट, पाचक लहर येते. ही कुठल्याच पुस्तकात नाही. हा मंडळाचा शोध आहे. अध्यक्षांचं मत काय?"

सगळे रंगोपंतांकडे बघू लागले. खरं बोलावं, तर मंडळ जाणार, कीर्ती जाणार आणि द्वारकाबाईंना सगळं जंगल बोल लावणार. शिवाय ढोलीभर पुस्तकं हसणार. रंगोपंतांनी शिंपला खाली ठेवला.

"असामान्य साल," ते म्हणाले.

घरी आल्यावर रंगोपंतांनी विचारलं, "सगळी त्याला दिलीस?"

"सगळी."

"त्याला कशी लागली?"

द्वारकाबाई त्यांच्याजवळ येऊन बसल्या. "म्हणाले, झाडाखाली पडलेली जांभळं दोन दिवसांनी जशी वास मारतात, तशी सुरुवात. मग गोड. मग गिळल्यावर आत कुणीतरी पाठीवरून हात फिरवल्यासारखं. म्हणाले, रंगोबा इतकं बोलायचा, पण हे हाताचं नव्हता सांगत."

रंगोपंत रडले. द्वारकाबाईंनी त्यांना रडू दिलं.

यानंतर ते सुधारले असतील, असं तुम्हाला वाटेल, मुलांनो. तुम्ही अजून लहान आहात.

मंडळाच्या आग्रहास्तव रंगोपंतांनी ग्रंथ लिहिला. 'पोर्ट: चव आणि चिकित्सा.' त्यात अस्सल पोर्टची पाच लक्षणं दिली होती. पाचवं लक्षण होतं मातकट, पाचक लहर. पहिल्यांदा ते वाक्य लिहिताना त्यांचा हात अडला. पण चिटणीसांनी मसुद्यात ते तांबड्या शाईने अधोरेखित केलं होतं. ग्रंथ गाजला. शेजारच्या जंगलांतून मागणी आली. काही रसिकांनी पानं न कापलेल्या प्रती मागवल्या.

दोन पावसाळ्यांनी बंगल्याची मागची भिंत कोसळली आणि गेनूशेठला ढिगाऱ्यात आणखी दोन बाटल्या मिळाल्या. तसाच पांढरा फराटा. तो त्या मंडळापुढे घेऊन आला.

मंडळ आता अनुभवी झालं होतं. एक बूच काढलं, त्यावर स्वच्छ अक्षरांत साल होतं. सुरई डावीकडे फिरली. सभासदांनी घोट घेतला आणि तोंडं वाकडी केली.

"भलतीच गोड," घोरपड म्हणाली.

"जांभळासारखा वास कसला हा? कुजका!" टिटवी म्हणाली.

बगळेशास्त्र्यांनी रंगोपंतांचा ग्रंथ उघडला, पाचव्या लक्षणावर चोच ठेवली आणि मान हलवली. "लहर नाही. बनावट माल. जंगलाच्या आरोग्याला धोका! अध्यक्षांनी एकदा चाखावं आणि निकाल द्यावा."

रंगोपंतांनी शिंपला उचलला. या खेपेला शपथ मोडली.

आधी पिकून पडलेली जांभळं आली. मग गोडवा आला, दाट, सावकाश. त्यांनी गिळलं. मग आत, पाठीच्या बाजूला, कुणीतरी हात फिरवला. मोठा, केसाळ, ओळखीचा पंजा असावा, तसा.

त्यांचे डोळे मिटले. टिटव्या चुळबुळू लागल्या.

"पंत?" बगळेशास्त्री म्हणाले. "तुमच्याच ग्रंथाप्रमाणे..."

रंगोपंतांनी डोळे उघडले. समोर त्यांचं पुस्तक उघडं होतं. भोवती मंडळ होतं. मागच्या रांगेत द्वारकाबाई होत्या आणि त्या पुढे वाकून त्यांच्याकडे बघत होत्या. आता बोला, असं त्यांचा चेहरा सांगत होता.

"बनावट," रंगोपंत म्हणाले.

द्वारकाबाई उठून घरी निघून गेल्या.

ठराव पास झाला. दोन्ही बाटल्या मंडळाच्या देखत ओढ्यात ओतायच्या ठरल्या. घोरपडीने पहिली बाटली काठावर नेली आणि उलटी धरली. भळभळा तांबडं पाणी वाहू लागलं. खालच्या अंगाला पाणी प्यायला आलेली हरणं एकदम थांबली, एकमेकांकडे पाहून पुन्हा प्यायली आणि मग बराच वेळ तिथून हलली नाहीत.

रंगोपंत काठावर उभे होते. शिंपला अजून त्यांच्या हातात होता.

"जरा हळू ओता," ते म्हणाले.

तात्पर्य: मित्राने काही मागितलं, तर घाई करू नये, त्याच्या शोकसभेला ते कामी येतं. आणि मुलांनो, जिभेला काही खरं लागलं, तर आधी ग्रंथात बघावं. ग्रंथात नसेल तर थुंकून टाकावं. ग्रंथ आपणच लिहिलेला असेल, तर जरा लांब थुंकावं.